टाकीत जड झालेलं पाणी: नागपुरातल्या एका भाड्याच्या इमारतीचं प्रकरण

पश्चिम नागपुरात बजाजनगर, श्रद्धानंदपेठ, अभ्यंकरनगर या पट्ट्यात जुने बंगले पडले, त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या आणि त्यातले फ्लॅट कॉलेजच्या पोरांना भाड्याने जाऊ लागले. हे प्रकरण तसल्याच एका इमारतीचं. खरं तर एकीचं नाही. अशा बऱ्याच ठिकाणी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून, आकडे हिशेबाला सोपे पडतील असे गोल घेऊन ते नमुन्यादाखल बांधलं आहे, तेव्हा पत्ता शोधत बसू नये.

खाली पार्किंग, वर तीन मजले. दर मजल्यावर दोन फ्लॅट: एक पूर्वेकडचा, एक पश्चिमेकडचा. फ्लॅटमागे चार पोरं, म्हणजे एकूण चोवीस. जमिनीखाली टाकं, गच्चीवर दोन काळ्या टाक्या, मागच्या बाजूला बोअर.

भांडण पैशावरून सुरू झालं. हिवाळ्यात पूर्वेकडच्या दोन फ्लॅटमधल्या गिझरच्या कॉइल एकापाठोपाठ गेल्या. बाथरूमच्या नळांवर पांढरा थर, शॉवरची अर्धी भोकं बंद, काळा शर्ट धुतला की त्यावर राखेसारखे डाग. मेसच्या डब्याला कंटाळून ज्यांनी स्वतः कुकर लावायला सुरुवात केली, त्यांची तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही कच्चीच. आणि केस गळतात ही तक्रार तर सगळ्यांचीच. घरमालकांचं म्हणणं, नागपूरचं पाणीच जड आहे, त्याला मी काय करू? उपाय म्हणून इमारतीला मोठा सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी हलकं करणारं यंत्र, बसवायचा आणि त्याचा खर्च भाड्यात वाढवून घ्यायचा. पोरांनी त्यांना विचारलं, "काकाजी, नळाचं पाणी तुम्ही तपासलं का?" त्यावर काकाजी म्हणाले, "पोट्टेहो, पंचवीस वर्षं झाली, हेच पाणी पिऊन राहिलो आम्ही. तपासायचं काय त्यात?"

मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे अशा वेळी पाण्याच्या बाटल्या माझ्या टेबलावर येतात.

या वादात एक पोरगा दर्यापूरकडचा होता, खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतल्या त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी जनावरंही तोंड वाकडं करून पितात. तो म्हणाला, "सर, याला जड म्हणून राहिले हे लोक? आमच्याकडे या एकदा." त्याचं बोलणं थट्टेचं असलं तरी मुद्दा बरोबर होता. जड की हलकं हे जिभेवर किंवा सवयीवर ठरवलं, तर चोवीस पोरांची चोवीस उत्तरं येतात. कोकणातून आलेल्याला नागपूरचं पाणी दगडासारखं वाटतं, दर्यापूरच्या पोराला ते गोडं लागतं.

आधी नळातून काय येतं ते पाहू. नागपूरचं पाणी मुख्यतः दोन नद्यांचं. पेंच छिंदवाड्याकडून येते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या तोतलाडोह धरणात आणि त्याच्या खाली नवेगाव खैरीला ती अडवली आहे. तिथून पाणी गोरेवाड्याच्या शुद्धीकरण केंद्रांकडे येतं. दुसरी कन्हान. ढोबळमानाने पश्चिमेला पेंच, पूर्वेला आणि उत्तरेला कन्हान. दोन्ही पृष्ठभागावरचं पाणी, बरचसं पावसाचं. खडकात मुरून वर्षानुवर्षं थांबलेलं नाही, म्हणून पाणी ज्यांच्यामुळे जड होतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात विरघळायला फारसा वेळच मिळालेला नसतो. पृष्ठभागावरच्या पाण्याचे रोग वेगळे: गढूळपणा, जंतू, मधूनच येणारा वास. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या, वीजकेंद्राची राख साठवणाऱ्या तलावाचा बांध फुटला आणि राख कन्हानपर्यंत गेली, तेव्हा पुरवठ्यावर परिणाम झाला होता. पण तो प्रश्न गाळाचा होता. म्हणजे नळाच्या पाण्याला सगळंच माफ आहे असं नाही, पण जडपणाचा आरोप त्याच्यावर टाकण्याआधी पुरावा हवा.

बोअरचं पाणी याच्या उलट. शहर दोन प्रकारच्या खडकांच्या शिवेवर बसलं आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच; पूर्वेकडे फार जुना नाइस. मध्येमध्ये लमेटा नावाच्या थरांचे चुनखडकी पट्टे, आणि काळ्या मातीखाली पांढऱ्या चुनखडीचे खडे. पाया खणताना नागपुरात हे खडे कुणी पाहिले नाहीत असं होत नाही. (ज्यांच्या नावाने इथे हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप पाद्री होते, पण नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म यांची पहिली नीट नोंद त्यांनीच रेव्हरंड हंटर यांच्याबरोबर केली. १८६३ साली टाकळघाटजवळ नदी ओलांडताना ते बुडाले. हे विषयाला धरून नाही, पण नागपूरच्या दगडांबद्दल लिहिताना त्यांना वगळून पुढे जाववत नाही.) पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या चुनखडीतून खाली झिरपतं, तेव्हा न विरघळणारा कार्बोनेट विरघळणारा बायकार्बोनेट होतो. बोअरमधून वर येतं ते हे पाणी.

तर प्रश्न असा उभा राहतो: तक्रारी सगळ्या बोअरच्या पाण्याच्या, आणि इमारतीला जोडणी महापालिकेची. मग मधे काय होतं?

सुगावा आधीच समोर होता, कुणाचं लक्ष गेलं नव्हतं इतकंच. दोन्ही कॉइल पूर्वेकडच्या फ्लॅटमधल्या. डाळीची तक्रारही पूर्वेचीच. पश्चिमेकडच्या पोरांचं केसांचं रडगाणं तेवढं होतं, पण त्यांचा शॉवर ठीक चालत होता. एकाच जोडणीचं पाणी एकाच इमारतीच्या दोन बाजूंना वेगळं कसं वागेल?

तपासणीआधी एक तमाशा झाला, तोही सांगायला हवा, कारण तो नागपुरातल्या दर दुसऱ्या घरात झालेला असतो. सॉफ्टनर आणि आरओ विकणारा माणूस आला. त्याने दोन पेले मांडले, एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात नळाचं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं यंत्र बुडवून बटण दाबलं. नळाच्या पाण्यावर काळपट-तपकिरी साय आली, आरओचं पाणी तसंच राहिलं. "हे तुम्ही रोज पिऊन राहिले," तो म्हणाला. पोरं गार. वास्तविक ती घाण पाण्यातली नसते. कांडीतल्या लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा हायड्रॉक्साइड तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून काही होत नाही. त्याच स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून बटण पुन्हा दाबायला सांगावं, तोही पेला तपकिरी होतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना हे ओळखू येऊ नये याचं मला जरा वाईट वाटलं, पण ते असो.

त्याच्याकडचा टीडीएस मीटर मात्र उपयोगाचा असतो, फक्त तो काय मोजतो ते ठाऊक हवं. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार कॅल्शियमचे की साध्या मिठाचे, हे त्याला कळत नाही. जडपणासाठी ईडीटीएचं अनुमापन करावं लागतं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं हे रसायन किती लागतं ते मोजावं लागतं. बारावीच्या प्रयोगशाळेतही होण्यासारखं काम आहे: ५० मिलिलिटर नमुना, सामू (पीएच) १० वर ठेवणारं बफर, इरिओक्रोम ब्लॅक टीचा चिमूटभर रंग. पाणी वाइनसारखं लाल होतं; ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए थेंबथेंब सोडत जायचं, लाल जाऊन निळं झालं की थांबायचं. जितके मिलिलिटर लागले त्याला २० ने गुणलं की लिटरमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात जडपणा मिलिग्रॅममध्ये मिळतो.

नमुने चार ठिकाणचे घेतले: महापालिकेची लाइन टाक्यात पडते तिथला, बोअरचा, आणि गच्चीवरच्या दोन टाक्यांचे सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावरचे. लाइनच्या पाण्याला ६ मिलिलिटर लागले, म्हणजे १२०. बोअरला २९, म्हणजे ५८०. पश्चिमेची टाकी १९०. पूर्वेची टाकी ३५०.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० ची २०१२ ची आवृत्ती, जडपणासाठी २०० ही स्वीकारार्ह मर्यादा देतं; दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतं. म्हणजे नळाचं पाणी आरामात आत. बोअरचं कसंबसं सवलतीत. आणि पूर्वेच्या पोरांच्या बादलीत येणारं पाणी या दोघांचं मिश्रण. किती? साधं अंकगणित आहे. १२० आणि ५८० मधलं अंतर ४६०. पूर्वेची टाकी १२० च्या वर २३० ने आहे, म्हणजे बरोबर निम्मं बोअर. पश्चिमेची ७० ने वर, म्हणजे पंधरा टक्के. पडताळा मीटरने घेतला: लाइनचा टीडीएस १९०, बोअरचा ९४०, निम्म्या मिश्रणाचा ५६५ यायला हवा. पूर्वेच्या टाकीत तो ५६० आला. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच उत्तर आलं की मग पुढचं बोलता येतं.

गच्चीवर गेल्यावर राहिलेलं उलगडलं. टाक्यातला पंप पाणी पश्चिमेच्या टाकीत चढवतो. बोअरचा सबमर्सिबल पूर्वेच्या टाकीत सोडतो. दोन्ही टाक्या तळाशी एका जोडपाइपाने जोडलेल्या, त्याचा व्हॉल्व अर्धवट उघडा आणि गंजलेला. पाणी दोन्हीकडे थोडंथोडं सरकतं, पण पूर्ण मिसळत नाही. इमारत बांधताना प्लंबरने ही जोडणी एका दिवसात सोयीसाठी केली असणार, आणि नंतर तिच्याकडे बघण्याचं कुणाला कारण पडलं नाही.

बोअर चालू कोण करतं? चौकीदार. त्याला कुणी दोष देऊ नये. "संध्याकाळी टाक्यात पाणी नसते, साहेब. बोअर चालू नाही केला तं सकाळी हे पोट्टे बोंबलतेत," असं तो म्हणाला, आणि ते खरंच आहे. माणशी १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा नेहमीचा निकष धरला तर चोवीस जणांना रोज सव्वातीन हजार लिटर लागतं. लाइनच्या वेळेत टाक्यात २,२०० च्या आसपास येतं. उरलेले हजारेक लिटर, म्हणजे एक तृतीयांशाच्या आसपास, बोअरमधून. दोन टाक्यांतल्या बोअरच्या वाट्याची सरासरीही तेवढीच निघते. शहराचा पुरवठा २४ तासांचा करण्याचं काम २०१२ पासून २५ वर्षांच्या करारावर चालू आहे आणि त्याचा पहिला प्रयोग धरमपेठ झोनमध्येच झाला, पण ज्या गल्लीत अजून दोन-तीन तासच जोर असतो तिथे चौकीदाराचं बटणच कामाला येतं. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह तळाला गेलं आणि महापालिकेने एक दिवसाआड पाणी दिलं, तेव्हापासून तर बोअरवरचा लोकांचा भरवसा वाढलाच आहे.

आता तक्रारी एकेक करून.

गिझरची खरी होती. पूर्वेच्या टाकीचं पाणी उकळलं, गार केलं, गाळलं आणि पुन्हा अनुमापन केलं तर ३५० चा जडपणा १३० वर आला. मधले २२० बायकार्बोनेटचे. तापवलं की तेच कार्बोनेट होऊन कॉइलला चिकटतं. गिझर पाणी उकळत नाही, त्यामुळे सगळं साचत नाही, पण थर बसला की आतली उष्णता बाहेर पाण्यात जात नाही, कॉइल स्वतःच तापत राहते आणि जाते. गेलेल्या कॉइलवरच्या पापुद्र्यावर व्हिनेगर टाकलं, बुडबुडे आले. लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून वर्षातून एकदा गिझरची टाकी धुतली असती तर कॉइल टिकली असती. पण हे भाडेकरू करत नाही आणि मालकाला आठवत नाही.

डाळीचीही खरी. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून न विरघळणारं होतं, म्हणून दाणा फुटत नाही. कुणीतरी खायचा सोडा टाकायला सांगितलं होतं. सोड्याने डाळ शिजते, पण त्यातलं बी-१ जीवनसत्त्व मरतं. खाली टाक्याजवळच्या थेट नळावरून एक बाटली भरून आणणं जास्त सोपं होतं, आणि त्या पाण्यात तीच डाळ, त्याच कुकरमध्ये, मऊ शिजली. नागपूरच्या माणसाला वरण जमलं नाही की बाकी काहीही पटवून देता येतं. या एका प्रयोगानंतर पोरांचा माझ्यावर विश्वास बसला.

साबणाचा हिशेब गमतीचा आहे. दर १०० मिलिग्रॅम जडपणा लिटरमागे साधारण ०.६ ग्रॅम साबण फुकट खातो. तो फेस न होता कॅल्शियम स्टिअरेट होऊन चिकट साका बनतो. २० लिटरच्या बादलीत १२० जडपणा असेल तर १५ ग्रॅम, ३५० असेल तर ४३ ग्रॅम. सगळ्या बादलीत कुणी साबण कालवत नाही, म्हणून प्रत्यक्षात एवढं जात नाही. पण काळ्या शर्टावरची ती राख याच साक्याची. शाम्पू आणि कपड्यांच्या पावडरीतली रसायनं साबणासारखी चटकन साकळत नाहीत.

केसांचं मात्र मी मान्य केलं नाही. जड पाण्याने केस राठ, चरबट वाटतात, कारण त्यावर साका बसतो. पण केस मुळातून गळतात याला भक्कम पुरावा नाही. आणि पश्चिमेकडच्या १९० च्या पाण्यातही तक्रार तेवढीच होती, यातच उत्तर आलं. पहाटे तीनपर्यंत जागणं, मॅगीवर जगणं, परीक्षेचा ताण, कोंडा, अंगात लोह कमी असणं, हे डॉक्टरला विचारायचे विषय आहेत, प्लंबरला नाही. मुतखड्याचंही तसंच. "जड पाण्याने खडा होतो" हे विदर्भात घराघरात म्हणतात. पण अभ्यासांत तसा ठाम संबंध निघालेला नाही, जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा ठेवलेली नाही, आणि पाणी कमी पिणं हे खड्याचं त्याहून मोठं कारण आहे.

इथवर आलेलं प्रकरण खरं तर गिझर आणि डाळीचं, म्हणजे गैरसोयीचं होतं. बाटल्या आल्याच होत्या म्हणून आणखी दोन गोष्टी तपासल्या आणि तिथे सूर बदलला.

पहिली, शिल्लक क्लोरीन. लाइनच्या नळाला लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम निघालं. मानकाला किमान ०.२ हवं असतं. पश्चिमेच्या टाकीच्या पाण्याला क्लोरीन दाखवणारा तपासणीचा रंग जेमतेम आला. पूर्वेच्या टाकीत आलाच नाही. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतंच. ते मिसळलं की असलेलं पातळ होतं आणि टाकीतल्या गाळाने उरलंसुरलं खाल्लं जातं. म्हणजे महापालिकेने जंतूंपासून राखण म्हणून जे घालून पाठवलं होतं, ते गच्चीवर पुसून टाकलं जात होतं.

दुसरी, नायट्रेट. मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि जडपणासारखी सवलतीची दुसरी ओळ तिला नाही. बोअरमध्ये ६२ आलं. पूर्वेच्या टाकीत निम्म्या मिश्रणामुळे ३३, म्हणजे आत. पण उन्हाळ्यात लाइन बसली आणि दोन दिवस निव्वळ बोअरवर इमारत चालली की तेच ६२ प्रत्येक पेल्यात. नायट्रेटला चव नाही, वास नाही, त्याचा थर बसत नाही, कॉइल जात नाही. उकळल्याने ते कमी न होता पाणी आटेल तसं वाढतं. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीच्या दुधावरच्या बाळाला मात्र रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटून धोका होऊ शकतो. चौकीदाराच्या खोलीत लहान बाळ होतं आणि त्याचं घर बोअरच्या थेट नळावर चालत होतं. त्याला सांगितलं त्याच दिवशी त्याचा पिण्याचा हंडा लाइनच्या नळावर गेला.

नायट्रेट कुठून आलं हे पाहायला फार लांब जावं लागलं नाही. बोअरपासून काही पावलांवर गडरचं, म्हणजे मलवाहिनीचं, चेंबर, कडेला भेगा. विदर्भात शेतीच्या खतांमुळे वाढलेल्या नायट्रेटची चर्चा होते, वर्धा, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ ही नावं केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत येत राहतात. भरवस्तीत मात्र पहिला संशय गळक्या मलवाहिनीवर घ्यावा.

आणि इथे सॉफ्टनरचं कोटेशन पुन्हा काढून वाचलं. सॉफ्टनरमधली राळ कॅल्शियम-मॅग्नेशियम घेते आणि बदल्यात सोडियम सोडते. १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम जातं. नायट्रेटला ती शिवतही नाही, क्लोरीन परत आणत नाही, टीडीएस कमी करत नाही. म्हणजे काकाजींनी पोरांकडून पैसे घेऊन ते यंत्र बसवलं असतं, तर शॉवर मोकळा झाला असता, डाळ शिजली असती, सगळे खूश झाले असते, आणि कुणी पुन्हा पाणी तपासलं नसतं. गैरसोय गेली असती आणि घोर तेवढा राहिला असता. मला या प्रकरणातला सगळ्यात बोचणारा भाग हाच वाटतो.

मग आरओ? प्रत्येक फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तो नायट्रेट कमी करेल, हे खरं. पण १२० जडपणाचं आणि १९० टीडीएसचं पाणी दारात येत असताना ते आधी बोअरने बिघडवायचं आणि मग अर्ध्याहून जास्त पाणी मोरीत सोडून सुधारायचं, याला हिशेब म्हणत नाहीत. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओला बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं ते याच उधळपट्टीमुळे.

उपाय मिश्रण थांबवण्याचा होता. किती मिसळलं तर चालेल हेही काढून पाहिलं: २०० च्या आत राहायचं तर बोअर १७ टक्क्यांपर्यंत, सहा बादल्यांत एक. व्हॉल्व अर्धवट फिरवून हे रोज सांभाळणं चौकीदाराच्या माथी मारण्यात अर्थ नव्हता. त्यापेक्षा एक जुळणारा आकडा सापडला. माणशी १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशला धरतात. चोवीस जणांचे १,०८०. बोअरमधून रोज काढावे लागणारे लिटर हजाराच्या आसपासच होते. म्हणजे बोअरचं सगळं पाणी फक्त संडासाच्या टाक्यांना दिलं तर नळाचं पाणी बाकी सगळ्याला पुरतं.

काकाजी आधी नाही म्हणाले. भिंती फोडाव्या लागतील ही त्यांची भीती. प्लंबरने डक्टमध्ये डोकावून सांगितलं की दोन्ही बाजूंना गच्चीवरून एकेक वेगळा पाइप डक्टमधूनच उतरवता येईल, फक्त सहा फ्लॅटच्या फ्लशची जोडणी बदलायची. खर्च सॉफ्टनरच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी निघाला. तो कुणी द्यायचा यावर आठवडाभर कुरबूर झाली आणि शेवटी काकाजींनीच दिला; पोरांनी गच्चीवरच्या टाक्या घासून दिल्या. जोडपाइप कापून टोपी लावली. पश्चिमेची टाकी आता सगळ्या नळांना, पूर्वेची फ्लशला आणि गाड्या धुवायला. तिला जाणारा पाइप लाल रंगवला आणि बोअरच्या तोटीवर "पिण्याचं पाणी नाही" असं लिहिलं. तसं लिहिल्याने भाडं पडेल का, हा काकाजींचा पहिला प्रश्न होता.

मे महिन्याने हिशेब पुन्हा बिघडवला. नागपूरचा मे म्हणजे पंचेचाळीसच्या वरचा पारा आणि प्रत्येक खोलीच्या खिडकीत कूलर. एका कूलरला दिवसाला साठ लिटर सहज. आठ कूलरचे पावणेपाचशे लिटर नळाच्या पाण्यातून निघेनात. कूलरमध्ये पाणी उडतं, क्षार मागे राहतात. नुसता जडपणा धरला तरी नळाच्या साठ लिटरमागे सात ग्रॅम, बोअरच्या साठ लिटरमागे पस्तीस ग्रॅम, रोज. जाळीच्या ताट्या पंधरा दिवसांत पांढऱ्या पडून घट्ट होतात, हवा अडते, आणि पोरं म्हणतात कूलर गार करत नाही. तरीही कूलरला बोअरचंच पाणी द्यायचं ठरलं, कारण थर कुठेतरी बसणारच असेल तर तो वुडवूलच्या ताटीवर बसलेला परवडतो. ती हंगामाच्या मध्यात एकदा बदलता येते, आणि मेमध्ये गिझर तसाही बंद असतो. अट एकच घातली: नुसतं वरून पाणी घालत राहायचं नाही, आठवड्यातून एकदा कूलरचं टाकं पूर्ण ओतून कोरडं करायचं. क्षारही जातात आणि डेंग्यूच्या डासांच्या अळ्याही. पोरांनी रविवार ठरवला. तीन फ्लॅट पाळतात, तीन विसरतात.

दुरुस्तीनंतर पूर्वेच्या फ्लॅटच्या नळाला पुन्हा अनुमापन केलं तर १२० आणि १३० च्या मधे आलं, क्लोरीनचा रंगही दिसला. चेंबरच्या भेगा बुजवल्या आहेत. नायट्रेट पावसाळ्यानंतर परत तपासायचं आहे, कारण जमिनीतलं नायट्रेट एका महिन्यात उतरत नाही, आणि पहिल्या पावसात तर वाढूही शकतं.

जंतूंची तपासणी घरच्या किटवर उरकू नये. प्रादेशिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर त्यांचीच निर्जंतुक बाटली घ्यावी. तिच्यात क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी नेलेल्या नमुन्यावरून काही ठरवता येत नाही.

काकाजींची आणखी एक इमारत आहे, शहराच्या हद्दीबाहेर, एका कॉलेजच्या रस्त्यावर. तिथे नळ पोचलेला नाही. बोअर आणि टँकर, एवढंच. तिथेही हाच लाल पाइप चालेल का, असं त्यांनी विचारलं. नाही चालणार. जिथे मिसळायला गोडं पाणीच नाही तिथे अंघोळीच्या लाइनला सॉफ्टनर आणि पिण्यापुरता आरओ हेच बरोबर पडेल, आणि त्याआधी बोअरच्या पाण्यात जडपणा, नायट्रेट आणि फ्लोराइड किती आहे ते कागदावर हवं. बाटल्या पाठवतो म्हणालेत.